दाखल्यावरचा धर्म आणि रविवारचा धर्म

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी २८ वर्षांची, वडगाव शेरीत राहणारी, घर मराठी आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीतलं. दर रविवारी उपासनेला जाते, संडे स्कूलला शिकवते. मुलगा ३१ वर्षांचा, कॅम्पातल्या मंगळुरी कॅथलिक घरातला. चर्चची पायरी चढतो ती नाताळला, ईस्टरला आणि मित्रांच्या लग्नांना. दोघं खराडीत नोकरी करतात, ओळख दीड वर्षाची. घरचे म्हणतात, ‘दोघंही ख्रिस्तीच, मग अडलंय कुठं?’ पाळकसाहेब म्हणतात, ‘घाई करू नका.’ विश्वास सारखा असणं खरंच इतकं महत्त्वाचं आहे का, लग्न कोणत्या चर्चमध्ये करायचं, मुलांचं काय, असं तिनं विचारलंय. शेवटी एक जोडप्रश्न: चुलत बहिणीचं हिंदू मुलाशी जमलंय, तिलाही हेच लागू का?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी अंतरं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली आहेत. एक सीएनआय आणि कॅथलिक यांच्यातलं. दुसरं दर रविवार आणि वर्षातले दोन रविवार यांच्यातलं. पहिल्यासाठी नियम आहेत, अर्ज आहेत, बिशप हाउसचं पत्र आहे; ते कागदाने सुटतं. दुसऱ्यासाठी कुठलाच कागद नाही. घरचे पहिल्या अंतराकडे बघून निश्चिंत आहेत, आणि पाळकसाहेबांना बहुधा दुसरं दिसतंय.

आधी त्या वचनाचं बघू, कारण ते कुणी ना कुणी तुम्हाला ऐकवणारच. बायबलमधल्या २ करिंथ ६:१४ मध्ये प्रेषित पौलाने अविश्वासी लोकांबरोबर विजोड होऊ नका असं म्हटलंय. मागचं चित्र बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकातलं (२२:१०) आहे: बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये. शेती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. दोघांची उंची वेगळी, चाल वेगळी. जू तिरकं होतं, एकाची मान सोलते आणि नांगराचा तास वाकडा जातो. दोष दोघांपैकी कुणाचाच नसतो. पण या उताऱ्याचा विषय थेट लग्न हा नाही, तो करिंथच्या मंडळीचं मूर्तिपूजेशी असलेलं नातं हा आहे. लग्नाला त्याहून थेट लागू पडतं ते १ करिंथ ७:३९. तिथे विधवेला हव्या त्या पुरुषाशी लग्नाची मोकळीक दिली आहे, फक्त ते प्रभूमध्ये असावं ही अट घालून. आणि ज्यांचं लग्न आधीच झालंय, मग एकटाच विश्वासात आला, त्यांच्यासाठी त्याच अध्यायातल्या १२ ते १४ या ओव्या आहेत: जोडीदार राहायला तयार असेल तर सोडू नका. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई याच जागी उभे होते. काही वर्षं वेगळी गेली, मग दोघं पुन्हा एकत्र आली आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पण ते आधीच झालेलं लग्न होतं. ‘लग्नानंतर तोही येईल विश्वासात’ म्हणून या उदाहरणाकडे बोट दाखवणं चूक आहे.

बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलाला हे ‘विजोड’चं वचन नुसत्या मंडळीच्या नावावरून लावणं म्हणजे वचनाची ओढाताण. तो विश्वास ठेवतो का, हा प्रश्न मात्र खुला आहे. त्याचं उत्तर बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सापडणार नाही.

वर्षातून दोनदा चर्चला जाणाऱ्या माणसांत किमान चार जाती असतात. एक निव्वळ आळशी: विश्वास आहे, गजर लावत नाही. दुसरा दुखावलेला, कुठल्या तरी फादरशी किंवा पॅरिशच्या (स्थानिक कॅथलिक मंडळीच्या) राजकारणाशी वाजलेला. तिसरा एकट्याने प्रार्थना करणारा. त्याला गर्दी नको असते. चौथ्याचा विश्वासच उरलेला नाही, आईला वाईट वाटू नये म्हणून नाताळला जातो. बाहेरून चौघं सारखेच दिसतात. पहिल्या तिघांबरोबर संसाराचा मार्ग निघतो. चौथा अतिशय सज्जन असू शकतो, पण त्याच्याबरोबर तुमचा विवाह हा धर्मभेदाचाच विवाह ठरेल, दाखला काहीही म्हणो. ओळखायला ‘तू देव मानतोस का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, ‘शेवटची प्रार्थना कधी केलीस आणि कशासाठी?’ उत्तर ठोस आलं तर एक अर्थ, हसण्यावारी नेलं तर दुसरा.

यापुढची चाचणी आठ रविवारांची. चार तुमच्या मंडळीत, चार त्यांच्या पॅरिशमध्ये, आलटून पालटून. सुरू व्हायच्या आधी पोचायचं, शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबायचं. मागच्या बाकावर मोबाइल घेऊन बसलेला रविवार धरायचा नाही. घरी आल्यावर प्रत्येकाने अर्धं पान लिहायचं: काय भावलं, काय परकं वाटलं, कुठे अवघडलो. वाचून दाखवायचं दुसऱ्या दिवशी, त्याच तासात नाही. चर्चच्या दारात सुरू झालेली चर्चा हटकून वादावर जाते. पहिले तीन रविवार उत्साहात जातात, त्यांना फार किंमत देऊ नका. पाचव्या-सहाव्याला खरं दिसतं. शनिवारी रात्री ऑफिसचं रिलीज आहे, किंवा मित्र पहाटे सिंहगडावर निघालेत. तेव्हा काय मोडतं, गड की मिस्सा (कॅथलिक उपासना), ते बघा. आणि मधे एखाद्या रविवारी तुम्ही गावी असाल तर सोमवारी सहज विचारा, ‘काल गेला होतास?’ तुमच्यासाठी येणं आणि देवासाठी येणं यातला फरक त्या एका उत्तरात असतो.

याच काळात शरीराच्या मर्यादेबद्दलही मोकळं बोलून घ्या. दोन्ही मंडळ्यांची शिकवण लग्नापर्यंत थांबण्याची आहे. एकाला ती पाळायची असते, दुसरा ती ‘आईवडिलांच्या पिढीची’ समजतो, आणि वाद होतो तो नको त्या क्षणी.

आठ रविवार संपले की एक संध्याकाळ फक्त व्यवहाराच्या प्रश्नांना द्या. तारखा आणि आकडे आले पाहिजेत, नुसतं ‘बघू ना आपण’ नको.

पैशाचं बघा. तुमच्या घरात दशांश देण्याची सवय असेल तर तो हातात पडणाऱ्या पगारावर की कापाकापीच्या आधीच्या, हे ठरवा. दोघांचे मिळून महिन्याला १,२०,००० हातात येत असतील तर दशांश १२,००० होतो, वर्षाचे १,४४,०००. कॅथलिक घरांत सहसा दशांशाचा असा हिशोब नसतो. मिस्सातली वर्गणी, पॅरिशच्या सणाची देणगी, गरजूला मदत असं चालतं. लग्नानंतर गृहकर्जाचा हप्ता सुरू झाला की हे १२,००० पहिल्यांदा डोळ्यांवर येतात. त्या वेळी ‘तुझं चर्च’ हा शब्द तोंडातून गेला की भांडण पैशाचं राहत नाही.

घरातली संध्याकाळ तितकीच महत्त्वाची. मंगळुरी घरांत अजूनही संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते. पाच दशकं, म्हणजे पन्नास वेळा मरियेची प्रार्थना, साधारण पंधरा ते वीस मिनिटं, बहुतेक कोंकणीतून. सीएनआयमध्ये वाढलेल्या मुलीला मरियेकडे आणि संतांकडे केलेली विनंती खटकते. त्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातून आलाय, तो म्हणायला बहुतेकींना अडचण नसते. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यात. तिथे गप्प राहिलेलं सासूला चालणार आहे का, हे मुलाने आईला साखरपुड्याआधी विचारावं. सुनेने नंतर विचारलं तर तो अपमान वाटतो.

इथे एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे प्रार्थनेची भाषा. माणूस संकटात मातृभाषेत प्रार्थना करतो. तुमच्या कानात टिळकांची मराठी गीतं, त्यांच्या कानात कोंकणी आणि इंग्रजी. धर्म एक असूनही रुग्णालयाच्या खोलीत दोघांना एकत्र प्रार्थना सुचत नाही, आणि त्याचं कारण कुणालाच कळत नाही. उपाय साधा आहे. आत्तापासून आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं, एकेका भाषेत, मोठ्याने एकत्र प्रार्थना. पहिले काही दिवस फार अवघड जातं. पण ‘प्रभूची प्रार्थना’ तरी दोघांना दोन्ही भाषांत पाठ हवी.

आजारपणात औषधाबरोबर प्रार्थना की औषधाऐवजी प्रार्थना, हे कॅथलिक-सीएनआय जोडप्यात सहसा उद्भवत नाही. काही स्वतंत्र फेलोशिपमधून (मोठ्या चर्चशी न जोडलेल्या मंडळ्यांतून) आलेल्या स्थळाला मात्र हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारावा. उत्तर ‘औषधाऐवजी’ असेल तर पुढची भेट नको.

मूल होऊ देण्याबद्दल: कॅथलिक शिकवणीत कृत्रिम गर्भनिरोधन आणि आयव्हीएफ दोन्ही बसत नाहीत. प्रत्यक्षात किती घरं ते पाळतात हा वेगळा विषय, पण तुमचा होणारा नवरा पाळणार आहे का, हे तुम्हाला ठाऊक हवं. आणि दफन. दोघांना एकाच दफनभूमीत जागा मिळेल का, हे आपापल्या मंडळीच्या कार्यालयात विचारून ठेवा. हे तिशीत कुणी विचारत नाही, साठीत मुलांना धावावं लागतं.

आता कागद. मुलगा कॅथलिक, मुलगी बाप्तिस्मा झालेली पण कॅथलिक नाही; अशा विवाहाला कॅथलिक कायद्यात मिश्रविवाह म्हणतात आणि त्याला धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते (कॅनन, म्हणजे त्या कायद्याचं कलम, ११२४). तुमचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने झालाय, म्हणून तो मान्य धरला जातो. परत स्नानसंस्कार (कॅथलिकांचा बाप्तिस्म्यासाठीचा शब्द) घ्यावा लागत नाही आणि कॅथलिक व्हावं लागत नाही. कुणी नातेवाईक ‘आधी कन्व्हर्ट व्हावं लागतं’ म्हणाला तर ते चूक आहे.

सगळ्यात जास्त घरं फुटतात ती एका सहीवरून, म्हणून ती नीट समजून घ्या. कॅनन ११२५ प्रमाणे कॅथलिक बाजू, म्हणजे इथे मुलगा, जाहीर करतो की मी माझा विश्वास सोडण्याचा धोका टाळीन आणि मुलांचा स्नानसंस्कार व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून माझ्या परीने सर्व प्रयत्न करीन. वचन तो देतो. तुम्हाला त्याची पूर्ण कल्पना दिली जाते. चर्चच्या कायद्याच्या १९१७ च्या जुन्या संहितेत दोन्ही बाजूंकडून हमी घेत. १९८३ च्या संहितेत ते नाही. मामा-काकांच्या तोंडी मात्र अजून जुनी गोष्ट आहे: ‘पोरीकडून लिहून घेतात.’ तुमच्याकडून घेत नाहीत. पण म्हणून सही हलकी समजू नका. तो सही करणार म्हणजे मुलांना कॅथलिक वाढवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणार. तुमच्या मनात मुलं सीएनआयमध्येच वाढवायची असतील आणि तो ‘सही तर करू, पुढचं पुढे’ म्हणत असेल, तर तुमच्या लग्नातला पहिला कागदच खोटा झाला.

बाप्तिस्म्याला फारसा वाद होत नाही. दोन्हीकडे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात आणि आजीआजोबा खूश असतात. टोचतं ते सात-आठ वर्षांनी. पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे मूल पहिल्यांदा प्रभुभोजन घेतं तो दिवस. मूल पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्ती, रांगेत. बाबा मागे उभे. आई बाकावर बसून, कारण कॅथलिक मिस्सात इतर मंडळ्यांच्या सभासदांना सहसा सहभागिता (कम्युनियन) देत नाहीत. मूल मागे वळून विचारतं, ‘तू का येत नाहीस?’ त्या प्रश्नाचं एका वाक्याचं उत्तर तुम्हा दोघांना आज देता येत असेल तर बरीच तयारी झाली. सीएनआयमध्ये दुसऱ्या मंडळीच्या माणसाला प्रभुभोजनाला सहसा बोलावतात, पण तिथे कॅथलिकाने घेऊ नये असं त्याचं चर्च सांगतं. म्हणजे अडचण दोन्ही बाकांवर आहे.

याच कारणासाठी मिश्रविवाहात मिस्साशिवायचा विधी निवडलेला बरा: वाचनं, प्रवचन, वचनांची देवाणघेवाण, अंगठ्या, आशीर्वाद. कॅथलिक चर्चमध्ये हा विधी रीतसर आहे, कमी दर्जाचा नाही. नवरा सहभागिता घेतोय आणि नवरी हात जोडून उभी, हे दृश्य त्यात टळतं.

‘सकाळी त्यांच्याकडे, संध्याकाळी आमच्याकडे’ हा पुण्यातला लाडका तोडगा चालत नाही. संमतीची वचनं दोनदा देण्यास कॅनन ११२७ मध्ये स्पष्ट मनाई आहे. तुमचे पाळक कॅथलिक विधीत वाचन करू शकतात, प्रार्थना करू शकतात, आशीर्वादाचे दोन शब्द बोलू शकतात. उलट, लग्न तुमच्याच चर्चमध्ये व्हावं असं असेल तर त्याच कॅननखाली विधीच्या स्वरूपातून सूट मागता येते. तीही लग्नाआधी, कारण देऊन, लेखी. ती न घेता सीएनआय चर्चमध्ये लग्न केलं तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ते पूर्ण वैध, पण कॅथलिक चर्चच्या दृष्टीने नाही. मग त्याची कम्युनियन थांबते, आणि पाच वर्षांनी मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी लग्न नियमित करून घेण्याची धावपळ होते. ते करता येतं, पण सासूबाईंचे तोवरचे टोमणे परत घेता येत नाहीत.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवा. तारखेच्या किमान तीन महिने आधी मुलाच्या पॅरिशमध्ये जाऊन फादरांना भेटा. मिश्रविवाहाला चार ते पाच महिने हातात असलेले बरे. मुलाचा स्नानसंस्काराचा दाखला नव्याने काढावा लागतो, सहसा सहा महिन्यांच्या आतला, घरातला लॅमिनेट केलेला जुना चालत नाही. याचं कारण रजिस्टरच्या समासात आहे. कॅथलिक व्यक्तीचं लग्न झालं की त्याची नोंद तिचा स्नानसंस्कार जिथे झाला त्या पॅरिशच्या मूळ पानावर, नावासमोरच्या समासात, पाठवली जाते. ताजा दाखला म्हणजे तो समास कोरा असल्याचा पुरावा. मुलाचा स्नानसंस्कार मंगळुरात झाला असेल तर पत्र तिथून यायला वेळ लागतो. पहिलं काम तेच. त्याचं दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार) राहिलं असेल तर फादर ते आधी करायला सांगू शकतात. तुमच्याकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि तुम्ही अविवाहित असल्याचं मंडळीचं पत्र लागेल. मग दोघांची वेगवेगळी चौकशी होते: स्वखुशीने करताय ना, आधीचं लग्न नाही ना, मुलं हवीत ना. त्यानंतर विवाहपूर्व शिबिर, परवानगीचा अर्ज, चर्चमध्ये रविवारी लग्नाची घोषणा. तपस्याकाळात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) लग्न शक्यतो धरू नका.

आधीचा घटस्फोट असलेल्या स्थळाला एक जादा पायरी आहे. कोर्टाचा हुकूम कॅथलिक चर्चला पुरत नाही. आधीचा विवाह अवैध होता का, हे धर्मप्रांताचं न्यायपीठ ठरवतं, आणि निकाल लागेपर्यंत तारीख धरता येत नाही. नात्यातल्या स्थळाचंही तसंच. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रीतीचं मानतात, ख्रिस्ती घरांतही. पण कॅथलिक कायद्यात सख्ख्या मामे-आते भावंडांचा विवाह सूट घेतल्याशिवाय अवैध आहे.

कायद्याच्या बाजूचं एक पथ्य. १८७२ च्या कायद्याने लग्न लावण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे: बिशपकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू, परवाना असलेले पाळक, विवाह निबंधक. कॅथलिक फादर आणि सीएनआयचे पाळक पहिल्या प्रकारात येतात. एखाद्या फेलोशिपच्या पास्टरसाहेबांनी लग्न लावायचं असेल तर त्यांच्या परवान्याची प्रत आधी बघा. बघायला मागण्यात उद्धटपणा काही नाही. परवाना नसेल तर दाखल्याची अडचण लग्नाच्या दिवशी कळत नाही, व्हिसाच्या खिडकीवर कळते. शिवाय या कायद्यात विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावायचा असतो, काही परवानगीचे अपवाद सोडून. नगर रस्त्याची संध्याकाळची वाहतूक माहीत असलेल्याने साडेसहाची वेळ पत्रिकेवर छापू नये.

अजून स्थळं बघणाऱ्यांसाठी थोडं. विवाहविषयक साइटवरचे शब्द घरोघरी वेगळ्या अर्थाने वापरतात. ‘बॉर्न अगेन’ म्हणजे बहुधा मोठेपणी स्वतःच्या निर्णयाने विश्वासात आलेला, आणि पुष्कळदा बुडवून दिलेला बाप्तिस्माच मान्य करणारा. अशा घरात तान्हेपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, म्हणजे सीएनआय किंवा कॅथलिक मुलीला परत घ्यायला सांगण्याची शक्यता मोठी. काही मंडळ्यांत दागिने चालत नाहीत, आणि आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतली हळद, हिरवा चुडा, क्रूस ओवलेलं मंगळसूत्र हे सगळं तिथे ‘जगाचं’ ठरतं. ‘गॉड-फिअरिंग’ या शब्दाला काहीच अर्थ नाही, तो सगळेच लिहितात.

चुलत बहिणीचं.

तिला पहिली गोष्ट सांगा ती कायद्याची, कारण तिथली चूक दुरुस्त करणं महाग पडतं. देवळात किंवा वैदिक पद्धतीने लग्न लावून ते हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवायचं, हा सोपा वाटणारा मार्ग तिच्यासाठी बंद आहे. १९५५ चा तो कायदा दोन्ही पक्ष हिंदू (त्यात बौद्ध, जैन, शीख आले) असतील तरच लागू होतो, आणि एक पक्ष ख्रिस्ती असताना त्याखाली झालेलं लग्न वैध नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. तिला दोन रस्ते आहेत. ख्रिस्ती विवाह कायद्यात एकच पक्ष ख्रिस्ती असला तरी चालतं. चर्चमध्ये लावायचं तर पाळक तयार हवेत. ती कॅथलिक असती तर धर्मभेदाची वेगळी सूट (कॅनन १०८६) घ्यावी लागली असती, आणि ती न घेतल्यास चर्चच्या दृष्टीने विवाह होतच नाही. दुसरा रस्ता १९५४ चा विशेष विवाह कायदा, म्हणजे धर्म न बदलता विवाह अधिकाऱ्यासमोरचं लग्न.

विश्वासाचं म्हणाल तर तिच्याबाबतीत १ करिंथ ७:३९ सरळ लागू आहे आणि पाळक नाही म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नये; ते त्यांचं काम करतायत. ती तरीही जाणार असेल तर तिने घरातली कार्यं तीन भागांत विभागून मुलाशी बोलावं: हजर राहणं, हातभार लावणं आणि पूजेला बसणं. गणपतीत घरात असणं, पाहुण्यांना चहा देणं, मोदक वळू लागणं वेगळं. सत्यनारायणाला नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसून संकल्प सोडणं वेगळं. देवक, कुलदैवताचं जागरण-गोंधळ, पहिल्या वर्षीच्या गौरी, हळदीकुंकू, प्रसाद, एकेकाचं नाव घेऊन कोणत्या भागात ते लिहावं. प्रसादाबद्दल १ करिंथ ८ वाचून स्वतःचं मत आधी पक्कं करावं. आणि नाही म्हणायची वेळ आली तर मुलाने आपल्या आईला सांगायचं, हेही तेव्हाच ठरवावं. बहुतेक घरांत बिनसतं ते नकारावरून नाही, तो सुनेच्या तोंडून ऐन कार्यात ऐकू येतो म्हणून.

मुलगा ‘मी बाप्तिस्मा घेतो’ म्हणाला तर आनंदाने उडी मारू नका. लग्नाची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख यांत किमान एक वर्ष असावं, आणि शिकवणीला त्याने तिच्याशिवाय जावं. तिने त्याला एकच विचारावं: उद्या आपलं मोडलं तर पुढच्या रविवारी तू कुठे असशील? मुलगा अनुसूचित जातीतला असेल, हिंदू असो वा बौद्ध, तर त्याला हेही माहीत हवं की ख्रिस्ती मुलीशी नुसत्या लग्नाने त्याचा दर्जा बदलत नाही, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने बदलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे. नोकरी त्या दाखल्यावर लागलेली असेल तर हा विषय भावनेच्या भरात उरकण्याचा नाही. मुलाचं मूळ घर गुजरात, मध्य प्रदेश किंवा उत्तर प्रदेशात असेल तर तिथे धर्मांतराचे स्वतंत्र कायदे आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय तिथे काही करू नये.

वारसाहक्कही बदलतो. विशेष विवाह कायद्याने ख्रिस्ती मुलीशी लग्न केलेला हिंदू मुलगा एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं मानलं जातं, आणि दोघांच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो: मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. त्याच्या वडिलांची गावाकडे जमीन असेल तर ही गोष्ट त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी त्यानेच सांगावी.

विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नाचा क्रम: दोघांपैकी एकजण जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, तिथून ३० दिवस हरकतीसाठी, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नवी नोटीस. आणि एक बारीक कलम बहुतेकांच्या लक्षात येत नाही: एखाद्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याच्या फलकावरही लागते. मुलगा कामापुरता पुण्यात आणि घर सोलापूरला असेल, तर तिकडच्या कार्यालयात सातबाऱ्याच्या कामाला गेलेला कुणी काका ती वाचू शकतो. नोटीस देण्याच्या आदल्या आठवड्यात दोन्ही घरी सांगून झालेलं असावं.